घसरणारे आणि ओढणारे

जानेवारीत ग्वाल्हेरची थंडी हाडांपर्यंत पोचते. बर्फ मात्र तेथे पडत नाही. थाटीपूर भागातील दर्पण कॉलनीतून संध्याकाळी लोकरी टोपडी, मफलर आणि शाली गुंडाळून जी कुटुंबे बाहेर पडतात, त्यांचा रोख बहुधा मेळ्याकडे असतो. आजीचा हात नातवाच्या हातात, वडील पुढे, आई मागे, आणि घरून निघतानाच ठरलेला करार, की पाळण्यात एकदाच बसावयाचे. तो करार मेळ्याच्या दारातच मोडतो. हवा भरलेल्या रबरी घसरगुंडीपुढे रांग लागलेली असते, आणि नुकत्याच मनालीहून परतलेल्या एखाद्या शेजाऱ्याचा मुलगा त्या घसरगुंडीकडे तुच्छतेने पाहून सांगत असतो, “ही काय! आम्ही बर्फावर ट्यूबमध्ये बसून घसरलो.” ऐकणारी मुले विचारतात, किती वेगाने? किती लांब? आजी एखादे वेळी निराळेच विचारते, “खाली आलात, ते ठीक. पण परत वर कसे गेलात?”

प्रश्न म्हातारीचा असला तरी इतिहासाचा आहे. उतारावरून घसरण्याची हौस माणसाला फार जुनी. ती भागविण्यास पृथ्वीचे आकर्षण पुरेसे असते आणि ते फुकट मिळते. खर्च, कष्ट आणि युक्ती लागते ती वर जाण्यास. म्हणून बर्फावरील घसरगुंडीचा इतिहास लिहावयाचा तर तो उतरणीचा न लिहिता चढणीचा लिहावा लागेल.

या खेळाचे थोर घराणे रशियातले. तेथे हिवाळ्यात सपाट प्रदेशावर लाकडाचे उंच मचाण उभारीत, त्याला फळ्यांचा उतार लावीत आणि त्यावर पाणी ओतीत. रात्रीत त्या पाण्याचा गुळगुळीत बर्फ होई. सतराव्या शतकापासून ही प्रथा आढळते, आणि अठराव्या शतकात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास तिला बहर आला. बसावयास लहानशी लाकडी गाडी, नाहीतर पोखरलेला बर्फाचा ठोकळा, त्यात गवताची गादी. गर्दी सर्वांत मोठी होई ती महाउपवासाच्या अगोदरच्या आठवड्यात. ख्रिस्ती पंचांगातील उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी खाऊन-पिऊन, नाचून-खेळून घेण्याची रीत गोव्याच्या इंत्रुजाने आपल्याकडेही परिचित आहे. रशियन लोक त्या दिवसांत लोण्यात भिजलेल्या पोळ्या खात आणि बर्फाच्या डोंगरावरून घसरत.

आजीच्या प्रश्नाला त्या मचाणांचे उत्तर सरळ होते : जिने चढा. तरी त्यातही एक चातुर्य होते. दोन मचाणे एकमेकांसमोर अशा बेताने उभारीत, की एकीवरून घसरत आलेला माणूस दुसरीच्या पायथ्याशी थांबे. तेथे तो जिना चढे आणि उलट दिशेने परत येई. गाडी ओढीत मागे चालत यावयाचा त्रास वाचे, चढण मात्र चुकत नसे. राणी दुसरी कॅथरिन हिला हिवाळ्यापुरता हा आनंद पुरला नाही. ओरानियेनबाउम येथे रिनाल्डी या इटालियन वास्तुकाराकडून तिने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक देखणा मंडपच बांधविला, आणि उन्हाळ्यात त्याच्या उतारावरून चाकांच्या गाड्या सोडल्या जात. बर्फ वितळला, पण घसरणे उरले.

नेपोलियनच्या पाडावानंतर, 1817 साली, पॅरिसमध्ये ‘रशियन डोंगर’ या नावाने चाकांच्या घसरगुंड्या सुरू झाल्या. फ्रेंच भाषेत त्या खेळाला आजही तेच नाव आहे. गंमत अशी, की रशियन लोक स्वतः त्याला ‘अमेरिकन डोंगर’ म्हणतात! ज्याने त्याने आपल्या खेळाचे श्रेय परक्याला द्यावे असा हा दुर्मिळ प्रकार आहे. रशियनांच्या बाजूने इतके म्हणता येईल, की आजच्या स्वरूपाचा धंदा अमेरिकेतच उभा राहिला. 1884 साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे लामार्कस टॉम्प्सन याने पाच सेंट घेऊन लोकांना आपल्या उतरत्या रुळांवरून सोडावयास प्रारंभ केला. वेग तासाला अवघा सहा मैल, म्हणजे सायकलस्वारानेही हसावे असा. पण रांगा हटेनात. येथे आजीच्या प्रश्नाचे उत्तर फार स्पष्ट दिसते. गाडी टोकाला पोचली की बसलेली मंडळी उतरत आणि टॉम्प्सनचे नोकर ती रिकामी गाडी ढकलून दुसऱ्या चढावर नेत. मग मंडळी पुन्हा बसत. पाच सेंटांत ते ढकलणेही आले.

हे नोकर फार दिवस टिकले नाहीत. दुसऱ्याच वर्षी, 1885 साली, सान फ्रान्सिस्कोच्या फिलिप हिंकल याने गाडी भरलेलीच वर ओढणारी यांत्रिक साखळी आणली. ढकलणाऱ्यांचे पुढे काय झाले, याची नोंद करमणुकीचे इतिहास सहसा करीत नाहीत.

खऱ्या बर्फावरही पुढे यंत्र आले. 1934 च्या जानेवारीत अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात, वुडस्टॉक येथील एका शेतकऱ्याच्या कुरणावर, फोर्डच्या जुन्या मॉडेल टी गाडीच्या इंजिनाला दोराचे एक लांबलचक वेटोळे जोडण्यात आले. दोर फिरे, माणूस तो हातांनी धरी आणि ओढला जात टेकडीच्या माथ्यावर पोचे. हातमोजे झिजत, खांदे दुखत. पण दिवसभरात आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वेळा घसरता येऊ लागले. यापेक्षाही मौजेची कथा दोन वर्षांनंतरची. युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे हिवाळी विहारस्थान काढले. जेम्स करन नावाच्या तिच्या अभियंत्याने पूर्वी उष्ण कटिबंधातील बंदरांत केळ्यांचे घड जहाजावर चढविण्यासाठी आकड्यांची फिरती तार पाहिली होती. आकड्याच्या जागी खुर्ची आणि घडाच्या जागी माणूस, एवढाच फरक त्याने केला, आणि 1936 साली खुर्च्यांची पहिली तारवाट चालू झाली. गुलमर्गपासून स्वित्झर्लंडपर्यंत आज तारेला लटकत डोंगर चढणारे लक्षावधी प्रवासी या अर्थाने केळ्यांचे वंशज आहेत.

परंतु ही सर्व व्यवस्था स्कीवाल्यांसाठी होती, आणि स्की हा कुटुंबाचा खेळ नव्हे. त्याला शिकवणी लागते, गुडघे लागतात, तारुण्य लागते. बाप घसरे आणि बाकीचे कुटुंब शेकोटीपाशी बसे. घरातील सर्वांना एकाच उतारावर आणले ते एका अगदी सामान्य वस्तूने, ट्रकच्या चाकातील रबरी ट्यूबने. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने 1888 साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेची धाव तयार केली, तेव्हा हिचा असा उपयोग होईल हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल. आपल्याकडे खेड्यापाड्यांतील विहिरींत पोहावयास शिकणाऱ्या मुलांच्या पाठीवरचा वाळका भोपळा जाऊन जी काळी ट्यूब आली, तीच ही. हिमप्रदेशातील मुलांनी ती बर्फावर टाकली. तिला सुकाणू नाही, कसब नाही, पुढची-मागची बाजूसुद्धा नाही. तीत बसलेला न्यायाधीश आणि त्याचा पाच वर्षांचा नातू सारखेच गरगर फिरतात.

घसरते ते का, याचेही उत्तर विज्ञानाने दिले. बर्फ नुसत्या दाबाने वितळतो, ही जुनी समजूत. बाउडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी 1939 साली दाखविले, की मुख्यतः घर्षणाच्या उष्णतेने बर्फावर पाण्याचा अत्यंत पातळ थर तयार होतो आणि त्यावर घसरणे घडते. ट्यूब थांबवावयाची कशी, हा मात्र व्यवहारातला प्रश्न राहिला. परदेशातील गर्दीच्या उद्यानांत त्यासाठी बर्फाच्या बांधांनी अलग केलेल्या वाटा असतात, शेवटी उलट चढ आणि रबरी चटया असतात, आणि पुढची ट्यूब थांबल्याखेरीज मागची सोडावयाची नाही म्हणून माथ्यावर एक मनुष्य उभा असतो. वर नेण्यास सरकता पट्टा. आजीसुद्धा त्यावर उभी राहून माथ्यावर जाऊ शकते. बर्फ कमी पडला तर तोही यंत्राने करतात. ती यंत्रे 1950 च्या सुमारास अमेरिकेत निघाली. त्यापूर्वी कनेक्टिकटमधील एका उतारावर शेकडो टन बर्फ ट्रकांतून आणून, फोडून पसरण्यात आला होता. 

भारतात चित्र निराळे आहे. गुलमर्गला ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1927 साली स्की क्लब काढला. तेथील तारवाटेचा पहिला टप्पा 1998 साली आणि दुसरा 2005 साली सुरू झाला. पण पायथ्याच्या मैदानात येणाऱ्या सामान्य कुटुंबाला भेटतो तो लाकडी स्लेजवाला. फिरन घातलेला काश्मिरी मनुष्य दोरीने स्लेज ओढीत नेतो, वर पोचल्यावर ती वळवितो, पुष्कळदा आपणही तिच्यावर बसतो, आणि खाली आल्यावर पुन्हा दोरी खांद्यावर घेतो. मनालीपलीकडे सोलंगच्या उतारावर स्लेजऐवजी ट्यूब असते. रस्त्यावरच्या दुकानांतून भाड्याचे कोट आणि गमबूट चढविलेली नागपूरची, पुण्याची, ग्वाल्हेरची कुटुंबे तेथे एकमेकांना भाषेवरून ओळखतात. 3 ऑक्टोबर 2020 रोजी नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाल्यापासून हीच मंडळी एका दिवसात लाहौलच्या बर्फापर्यंतही जाऊन येतात. गर्दी वाढली, मोटारी वाढल्या, भावही वाढले.

या भावांवरून उतारावर मोठी घासाघीस चालते. ट्यूब घसरते काही क्षणच. एवढ्यासाठी एवढे पैसे, हा गृहस्थाचा आक्षेप. तो खोटा नाही. महिनाभर हिशेब करून प्रवासास निघालेल्या चौकोनी कुटुंबाला चार वेळा ते पैसे द्यावे लागतात. मात्र गृहस्थ भाव करतो तो उतरण्याचा, आणि ट्यूबवाला पैसे मागतो ते चढण्याचे. मूल खाली येऊन “पुन्हा!” म्हणून ओरडते, तेव्हा त्या एका शब्दाचा अर्थ दोघांना भिन्न असतो. सकाळपासून तो मनुष्य विरळ हवेत, ओल्या बुटांनी, किती वेळा वर गेला हे कोणी मोजत नाही. उद्या तेथे सरकता पट्टा बसविला तर त्याचे श्रम वाचतील आणि त्याच दिवशी त्याची मजुरीही बुडेल. बर्फ चार महिन्यांचा. तेवढ्यात त्याला वर्षाची बेगमी करावयाची असते. टॉम्प्सनच्या ढकलणाऱ्यांची गोष्ट म्हणून जुनी होत नाही. पट्टा नको असे म्हणणेही कठीण आहे, कारण माणसाने माणसाला खेळासाठी डोंगर चढवून न्यावे हे दृश्य फारसे शोभादायक नाही, आणि पट्टा नसेल तर आजी पायथ्याशीच राहते. परंतु पट्टा कोणाच्या मालकीचा असावा, आणि आज दोरी ओढणाऱ्याला उद्या त्या पट्ट्यापाशी जागा असावी की नाही, हे तरी विचारता येईल. तसे विचारल्याचे फारसे ऐकू येत नाही.

ग्वाल्हेरच्या मेळ्यालाही ही गोष्ट परकी नाही. 1905 साली माधवराव शिंदे यांनी हा मेळा सुरू केला, तेव्हा तो सागरताल येथे भरे आणि गुरांचा बाजार हे त्याचे मोठे अंग होते. पुढे तो सध्याच्या विस्तीर्ण मैदानावर आला. गुरांची जागा मोटारींनी घेतली. मेळ्यात घेतलेल्या वाहनांवर अलीकडच्या काही वर्षांत सरकारने करसवलतही दिली. 1810 साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून जे लष्कर नावाचे शहर उभे राहिले, तेथील मराठी घरांतून कित्येक पिढ्या या मेळ्याला गेल्या. भारतातील जत्रांत तेव्हा विजेचे पाळणे नव्हते, लाकडी रहाटपाळणे होते. चार पेट्या, आडवा कणा, आणि फिरविणारा माणूस. रहाट पाण्याचा असो वा पाळण्याचा, तो कोणीतरी फिरवावाच लागे.

आता मैदानावरचा मोठा पाळणा मोटारीवर फिरतो. दर्पण कॉलनीतील नातू त्यात बसून वरून हात हलवितो. खाली उभी असलेली आजी शाल सावरीत शेजारणीला सांगत असते, की आमच्या वेळचा पाळणेवाला पोरांना पेट्यांत बसवून दांड्या लावी, मग स्वतः लाकडाला धरून वर चढे आणि अंगाच्या भाराने पाळणा खाली आणी. पोरे ओरडत, “आणखी एक फेरा!” आणि तो पुन्हा चढे.