ठेका, ठोका आणि मींड

आम्हां इंदूरकरांना लयीविषयी बोलायचे म्हणजे उस्ताद अमीर खाँ यांच्या झुमऱ्यापासून आरंभ करावा लागतो. चौदा मात्रांचा अतिविलंबित ठेका तबलजी साधा, संथ धरून असे. खाँसाहेब त्यावर मोकळे विहरत आणि समेला येऊन मिळत. तबलजीचा कानही गायकाकडे असेच. खाँसाहेब 1974 साली गेले. पुढे आठच वर्षांनी, 1982 मध्ये, ग्रामोफोन कंपनीने एक तबकडी काढली; तिच्यातील दहाही रागांना ठेका धरणारा माणूसच नव्हता.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात वावरलेले वादक चरणजित सिंग यांची ही तबकडी. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' हे तिचे नाव. साधने म्हणजे रोलंड कंपनीची तीन यंत्रे : तालाला टीआर-808, खर्जाला टीबी-303 आणि रागाच्या सुरावटीला ज्युपिटर-8. यांतले तालयंत्र एका तारेतून दर बीटमागे 24 सूक्ष्म विद्युत्-ठोके पाठवू शकते; ते मोजीत खर्जाचे यंत्र पाऊल टाकते. अशा ठोक्याने स्वर सुरू करणे म्हणजे ट्रिगर. स्वर कोणता, हे ट्रिगर सांगत नाही. 'आता' एवढेच सांगतो.

याहून कडक बंधन स्वराच्या पोटात घालता येते. ज्युपिटरमध्ये प्रत्येक स्वराला दोन आंदोलक असतात. 'सिंक' चालू केला की एकाचे आवर्तन पुरे होताच दुसऱ्याला, तो कोठेही असो, पुन्हा आरंभास यावे लागते. सेकंदाला शेकडो समा याव्यात आणि प्रत्येकीवर दुसऱ्याची तान मध्येच तोडली जावी, तसेच हे! कानाला उंची पहिल्याचीच भासते. दुसऱ्याला चढविले तरी स्वर चढत नाही, त्याची धार तेवढी बदलते.

मग या शिस्तीत रागाने राहावे कोठे? आमच्या मते उत्तर 303 च्या एका सोयीत आहे. दोन स्वर 'स्लाइड'ने जोडले की दुसऱ्याला नवा आघात मिळत नाही. आवाज न तुटता एका उंचीवरून दुसरीवर सरकतो. मींड हवी, तर ट्रिगर गाळावा लागतो. बीनकार तरी दुसरे काय करतो? एक आघात, आणि मग तार ओढून स्वर. खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ सारंगी आणि बीन वाजवीत. त्यांना हे समजावून सांगावे लागले नसते.

तबकडी त्या वेळी चालली नाही. शिकागोत 1987 साली 'ॲसिड ट्रॅक्स' निघाली आणि 303 चा आवाज जगभर गाजला. त्यानंतर 2010 मध्ये 'बॉम्बे कनेक्शन'ने ही तबकडी पुन्हा काढली, तेव्हा तिला त्या संगीताची पूर्वज ठरविण्याची घाई झाली. आम्हांला त्या वंशावळीत रस नाही. यंत्र एक, एवढेच नाते पुरे. चरणजित सिंग 2015 साली मुंबईत निवर्तले.

वाचकांनी तिच्यातला ललत ऐकावा. या रागात शुद्ध आणि तीव्र मध्यम एकमेकांस लागून येतात. खाली ठोके मोजूनमापून पडत असतात, आणि कान त्या दोन मध्यमांमधली जागा शोधीत राहतो.