कार्ल गॉच : मल्लांचा मल्ल?

ज्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो, तिच्यात थोर मल्ल कोणाला म्हणावे? प्रश्न हास्यास्पद वाटेल. पण साहित्याच्या अभ्यासकाला तो परका नसावा. नाटकातला सेनापती खरा सेनापती नसतो, तरी नट थोर असू शकतो, हे आपण मान्य करतोच. अडचण येते ती त्या रंगमंचावर तलवार खरोखर चालवता येणारा, आणि ती खोटी चालवण्याचा मनस्वी कंटाळा असणारा एखादा माणूस उभा राहिला की. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीच्या इतिहासात कार्ल गॉच हा असा माणूस होता.

अँटवर्प येथे १९२४ साली जन्मलेल्या या बेल्जियन मल्लाचे मूळ नाव कारेल इस्ताझ. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन या दोन्ही प्रकारांत उतरला. पदक मिळाले नाही. (याच स्पर्धेत आपले खाशाबा जाधव फ्लायवेट गटात सहावे आले होते.) पुढे तो इंग्लंडमधील विगन या कोळसाखाणींच्या गावी बिली रायली यांच्या तालमीत दाखल झाला. ‘स्नेक पिट’ या नावाने ती ओळखली जाई. सांधे पिरगाळून, मान आवळून समोरच्याला शरण आणणारी ‘कॅच’ कुस्ती तेथे शिकवली जात असे. ऑलिंपिक खेळून आलेला मल्ल तेथे पुन्हा विद्यार्थी झाला, ही त्याच्या चरित्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी घटना.

अमेरिकेत त्याने फ्रँक गॉच या विसाव्या शतकारंभीच्या जगज्जेत्याचे आडनाव घेतले. आडनाव मोठे, पण कारकीर्द त्या मानाने लहान. ओहायोमध्ये १९६२ ते १९६४ या काळात एक जगज्जेतेपद त्याच्याकडे होते. पण ते एका प्रांतापुरते मानले गेलेले. १९७१ च्या डिसेंबरात रेने गूले याच्या जोडीने न्यूयॉर्ककडच्या संघटनेचे दुहेरी विजेतेपद मिळाले आणि दोन महिन्यांत गेले. एवढाच जमाखर्च. १९६२ मध्ये कोलंबस शहरी रंगमंचामागे बडी रॉजर्स या तत्कालीन जगज्जेत्याशी गॉच आणि बिल मिलर यांची हातापायी झाली आणि रॉजर्सचा हात दुखावला, या प्रसंगाचीच चर्चा त्याच्या विजयांपेक्षा अधिक झाली.

गॉचचे भक्त यावर म्हणतात, तो फार खरा होता, म्हणून डावलला गेला. हा युक्तिवाद मला पटत नाही. कारण लू थेज. थेजही अस्सल पकडींचा जाणकार, आणि बळाने त्याच्याकडून काही हिसकावून घेणे कोणालाही सोपे नव्हते. तरीही १९३७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो प्रथम जगज्जेता झाला आणि १९६३ मध्ये रॉजर्सला हरवून पुन्हा तीन वर्षे त्या पदावर राहिला. गॉचचे ओहायोतले पद १९६४ मध्ये घेणाराही थेजच. अस्सलपणा आणि लोकप्रियता यांत उपजत वैर नसते, याचा हा जिवंत पुरावा. या कलेत प्रतिस्पर्धी आपला देह आपल्या हाती विश्वासाने सोपवतो. त्याला पडताना, उठताना, प्रतिकार करताना मोठे दिसू देणे हा कारागिरीचाच भाग आहे. गॉचपाशी ते औदार्य बेताचे होते. ही उणीव केवळ तिकीटबारीची नव्हे, कलेचीच आहे.

एवढे मान्य केल्यावर जपानकडे वळावे लागते, आणि तेथे सगळा हिशेब उलटतो.

१९६१ साली गॉच प्रथम जपानला गेला. पुढे अंतोनियो इनोकी त्याचा शिष्य झाला. इनोकीने ‘न्यू जपान’ ही संघटना काढली, तेव्हा ६ मार्च १९७२ रोजी तिच्या पहिल्याच कार्यक्रमातली मुख्य कुस्ती इनोकी आणि गॉच यांची होती. जिंकला गॉच! नव्या संस्थेच्या मालकाने उद्घाटनालाच गुरूकडून हरावे, ही योजनाही अर्थात ठरवलेलीच. पण तिच्यातून प्रेक्षकांना सांगितले जात होते की येथे विद्येचा मान राहील. जपानी लोक गॉचला ‘कुस्तीचा देव’ म्हणू लागले. त्याच्या शिकवणीत वजने उचलणे जवळजवळ नव्हते. पत्त्यांचा जोड पिसायचा, एकेक पान उलटायचे, आणि पानाच्या जातीप्रमाणे व आकड्याप्रमाणे व्यायाम करायचा. त्या व्यायामांत मुख्य कोणते? आपल्या तालमीतले जोर आणि बैठका! इंग्रजीत त्यांना आजही ‘हिंदू’ हेच विशेषण लागते.

तात्सुमी फुजिनामी, योशिआकी फुजिवारा, सातोरू सायामा, अकिरा माएदा ही त्याची शिष्यपरंपरा. यांतल्या काहींनी १९८४ मध्ये नाटकीपणा कमी करणारी ‘यूडब्ल्यूएफ’ उभी केली. तिच्याच मुशीतून आलेल्या मासाकात्सु फुनाकी आणि मिनोरू सुझुकी यांनी सप्टेंबर १९९३ मध्ये ‘पँक्रेस’ सुरू केली, ती निकाल न ठरवता लढण्याच्या हेतूने. अमेरिकेतली ‘यूएफसी’ची पहिली स्पर्धा त्यानंतर दोन महिन्यांनी झाली.

येथे पेच असा, की शिष्य गुरूची विद्या घेऊन रंगमंचच सोडू लागले. मग हे श्रेय व्यावसायिक कुस्तीच्या खात्यावर मांडायचे का? शिक्षकी पेशातल्या माणसाला शिष्यांवरून गुरू मोजण्याचा मोह होतो; तो बाजूला ठेवूनही मी गॉचला थोरांच्या पंक्तीत बसवीन. थेजच्या खाली, पण पंक्तीत. कारण जपानी प्रेक्षकाची ‘खरे’ वाटण्याची कसोटीच त्याने बदलली, आणि नुरा कुस्तीची नाडी प्रेक्षकाच्या त्या विश्वासातच असते.

शिवाय त्याचा एक डाव आहे. पाठीमागून कमरेला मिठी, समोरच्याला उचलून मागे कमान, आणि आपल्याच मानेवर व चवड्यांवर तोललेला देह, ज्याखाली दुसऱ्याचे खांदे जमिनीला टेकलेले. त्यात बळ खरे आहे आणि दृश्यही देखणे आहे. गॉच २००७ साली फ्लोरिडातील टँपा येथे वारला. हा डाव मात्र आजही जगभर मारला जातो. नाव ‘जर्मन सुप्ले’. जपानमध्ये त्याला जर्मन म्हणून पेश केले गेले होते, आणि बेल्जियन माणसाच्या डावाला तेच नाव चिकटले.