प्रदर्शनांतील कारागीर आणि मेळ्यांतील कारागीर

गांवच्या जत्रेंत कुंभार, कासार, बुरूड हे ओळखीच्या गिऱ्हाइकांसच माल विकीत. बाजार दूरदेशीं पसरला, तेव्हां ही ओळख तुटली. माल पुढें गेला आणि कारागीर मागें राहिला. त्याला पुन्हां मालाशेजारीं आणण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांपैकीं दोहोंची तुलना आम्हांस उद्बोधक वाटते.

इ. स. १८८६ मध्यें लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागांत हिंदुस्थान व वसाहती यांचें प्रदर्शन भरलें. तेथें हिंदी कारागीर प्रेक्षकांसमोर बसून काम करीत. त्यांतील पुष्कळजण आग्र्याच्या तुरुंगांत कसब शिकलेले कैदी होते. व्हिक्टोरिया राणीनें स्वोबोदा नामक ऑस्ट्रियन चित्रकाराकडून कांहीं कारागिरांचीं चित्रें काढविलीं. बक्षीराम या वृद्ध कुंभाराचें चित्र त्यांपैकींच होय. कौतुक झालें खरें. परंतु ज्याचें कौतुक, त्याच्या हातीं व्यवहार नव्हता. गालिच्याप्रमाणें विणकरहि पाहण्याची वस्तु झाला होता.

स्वतंत्र भारतांत या संबंधास निराळें वळण लागलें. इ. स. १९८७ मध्यें दिल्लीनजीक, हरयाणांतील सूरजकुंड या प्राचीन कुंडाच्या परिसरांत हस्तव्यवसायांचा मेळा सुरू झाला. तो बहुधा फेब्रुवारींत भरतो, आणि एखाद्या राज्यास त्यांत अग्रमान मिळतो. येथें कारागीर विक्रेता म्हणून उभा असतो. भाव तो सांगतो, घासाघीस तोच करतो, आणि गिऱ्हाइकाची आवडनिवड दलालाच्या तोंडून नव्हे, तर स्वतःच्या कानांनीं ऐकतो.

परंतु मेळा संपल्यावर वर्षाचे उरलेले दिवस काय करावें? इ. स. १९९४ मध्यें उघडलेला ‘दिल्ली हाट’ हें या प्रश्नाचें एक उत्तर होय. जया जेटली यांच्या कल्पनेंतून उभा राहिलेला हा बाजार बारमाही असून, त्यांतील गाळे कारागिरांस पाळीपाळीनें थोड्या दिवसांकरितां देण्याची योजना आहे.

तथापि गाळ्यावर कारागिराऐवजीं व्यापारी बसला, किंवा हातकामाच्या नांवाखालीं यंत्राचा माल मांडला गेला, तर मेळ्याचें नांव राहील आणि हेतु बुडेल. मेळ्याची थोरवी गर्दीवरून मोजूं नये. १८८६ च्या प्रेक्षकांस कारागीर दिसला, पण त्याच्याशीं व्यवहार झाला नाहीं. आम्हीं मात्र ‘हें कोणीं घडविलें?’ असें विचारून, त्याच हातांत दाम ठेवावें.