शिंजुकूची करी

२००८ च्या हिवाळ्यात कंपनीने मला तीन महिन्यांसाठी टोकियोला पाठवलं होतं. ऑनसाईट म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच... सकाळी ऑफिस, रात्री ऑफिस आणि मधल्या वेळात पोटाचे हाल. (मासे मी खातो, पण कच्चे नाही!) माझ्या जपानी सहकाऱ्यांनी यावर तोडगा काढला, 'कारे राइसु', म्हणजे करी-राईस. कँटीनमध्ये रोज मिळायचा. तपकिरी, दाट, गोडसर रस्सा, त्यात बटाटा आणि गाजर, सोबत चिकट भात. वाईट अजिबात नाही, पण याला करी म्हणायचं हे काही जिभेला पटेना.

परतायच्या आधीच्या रविवारी टीममधले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "चला, आज बोस-सानची करी खाऊ." आणि मला शिंजुकूतल्या नाकामुराया या जुन्या रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेले. भात वेगळा, रस्सा वेगळा, रश्श्यात हाडासकट कोंबडी. पहिल्या घासाला घर आठवलं. दुसऱ्या घासाला कळलं की हे घर माझं नाही, कुणाचं तरी आहे.

मला वाटलं, बोस म्हणजे नेताजी. पण हे दुसरेच. रासबिहारी बोस!

शाळेच्या पुस्तकात यांच्या वाट्याला फार तर दोन ओळी आल्या होत्या. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत कारकुनी करणारा हा माणूस. २३ डिसेंबर १९१२ रोजी दिल्लीत हत्तीवरून मिरवणुकीने चाललेल्या व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब पडला, त्या कटाचा सूत्रधार. पुढे फेब्रुवारी १९१५ मध्ये लाहोरपासून सैन्यात उठाव करायचा गदरवाल्यांचा बेत फितुरीने फसला. त्यात बोसांचे एक उजवे हात होते आपल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे, इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेत गेलेले आणि लढायला परत आलेले. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात पिंगळ्यांना फाशी झाली. बोस तोवर जपानला पोचले होते. रवींद्रनाथ टागोरांचे नातेवाईक असल्याची बतावणी करून, 'पी. एन. टागोर' या नावाने त्यांनी बोट पकडली होती.

जपान तेव्हा ब्रिटिशांचा दोस्त. इंग्रजांच्या दबावाखाली जपान सरकारने त्यांना देश सोडायचा हुकूम दिला. तेव्हा ज्यांनी त्यांना लपवलं ते कुणी सेनापती नव्हते की मंत्री नव्हते. शिंजुकूत पाव-केक विकणारं सोमा नावाचं जोडपं, नाकामुराया बेकरीचे मालक. १९१८ मध्ये त्यांची मुलगी तोशिको हिच्याशी बोसांचं लग्न झालं. पाठलाग चालूच होता, त्यामुळे संसार बरीच वर्षं घरं बदलत चालला. १९२३ मध्ये बोस जपानी नागरिक झाले, जरा स्वस्थता आली, आणि १९२५ मध्ये तोशिको गेली. मागे दोन लहान मुलं.

१९२७ मध्ये नाकामुरायाने बेकरीला जोडून रेस्टॉरंट काढलं आणि जावयाच्या आग्रहावरून मेन्यूत 'अस्सल भारतीय करी' आली.

आता तुम्ही म्हणाल, जपानात करी तर आधीपासून होती ना? होती की! पण ती भारतातून नव्हे, इंग्लंडमार्गे आली होती. १८७२ च्या एका जपानी पाककृतींच्या पुस्तकात करी 'पाश्चात्त्य पदार्थ' म्हणून छापली आहे... त्यात कोळंबी, कालवं, कोंबडी आणि चक्क बेडूक! १९०८ च्या जपानी नौदलाच्या पाकपुस्तकातली करी मात्र ओळखीची वाटते. चरबीत परतलेलं गव्हाचं पीठ, त्यात करी पावडर, मग मांस, कांदा, बटाटा, गाजर. माझ्या कँटीनमधली करी हिचीच पणती. म्हणजे ज्या साम्राज्याने बोसांना देशोधडीला लावलं, त्याच साम्राज्याने त्यांच्या जेवणाची ही आवृत्ती जपानला शिकवली होती. बोसांना ते खटकलं नसतं तरच नवल.

त्यांची करी ८० सेनला होती. बाहेर साधी करी १०-१२ सेनला मिळायची, तरीही लोक आले. फक्त एका बाबतीत माघार घ्यावी लागली. भारतीय तांदूळ जपानी लोकांना फडफडीत, कोरडा लागला. मग शिरोमे नावाचा उत्तम जपानी तांदूळ निवडला गेला.

हा शेवटचा मुद्दा मी वाचला होता, पण डोक्यात शिरला नव्हता. त्याची शिक्षा पुण्यात भोगली.

पहिला प्रयत्न : घरचा मसाला, खोबरं, हाडासकट चिकन. आई जेवली आणि म्हणाली, "छान झालाय रस्सा. पण हा तर आपलाच आहे!" बग नंबर एक. दुसऱ्यांदा जपानी करीच्या तयार वड्या मिळवल्या. झालं थेट कँटीन. तिसऱ्यांदा खोबरं काढलं, कांदा मंद आचेवर पाऊण तास परतला, दही घातलं, धने-जिरे-हळद आणि थोडा गरम मसाला. रस्सा जवळजवळ जमला. तरी काहीतरी चुकतंच होतं. चांगला महागातला बासमती आणला होता, अजून काय करायचं?

आणि मग डोक्यात प्रकाश पडला. बासमतीच चुकत होता! टोकियोत मी खाल्लेला भात गोळा होणारा, ओलसर, किंचित गोड होता. जे सापडत नव्हतं ते डब्यातच पडलेलं होतं... मावळातला इंद्रायणी. पुढच्या रविवारी तो चिकट भात आणि तोच रस्सा. पहिल्या घासालाच शिंजुकू!

मजा बघा, बोसांनी माघार घेतली असं मी समजत होतो, तीच त्या जेवणाची खरी चव निघाली. मसाला आपल्या घरचा, भात आसरा देणाऱ्यांचा. दोन्ही असल्याशिवाय ती करी होतच नाही.

मला तीन महिन्यांत घरची एवढी आठवण आली, पण माझ्या खिशात परतीचं तिकीट होतं. बोस १९१५ ला निघाले ते कधीच परतले नाहीत. आझाद हिंद सेनेची उभारणी करून १९४३ मध्ये त्यांनी सूत्रं नेताजींच्या हाती दिली आणि २१ जानेवारी १९४५ ला टोकियोतच वारले. स्वातंत्र्य अडीच वर्षांवर होतं.

असो. आईने ती करी चाखून पाहिली. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "चांगली आहे. पण ही आपल्याकडची नाही. कुणाकडची रे?"

मग जेवता जेवता तिला सगळी गोष्ट सांगितली.