विसरणाऱ्या यंत्राची वही

परभणीहून जिंतूरकडे जातांना वाटेंत बोरी हें गांव लागतें. तेथील एखाद्या घरांत संध्याकाळच्या वेळीं काय चालतें तें पाहावें. मुलगी दूरच्या महाविद्यालयाचें व्याख्यान ऐकत असते, वडील बाजारभाव पाहत असतात, आणि आजी पुण्यास असलेल्या नातवाचें मुख पडद्यावर न्याहाळते. संभाषणें तीन, पण भिंतीवरच्या एकाच लहानशा पेटींतून तीं बाहेर पडतात, आणि परततांना एकाचें उत्तर दुसऱ्याच्या हातीं पडत नाहीं. ह्या पेटीस राउटर म्हणतात. तिच्या पोटांत चालू संभाषणांची एक वही असते. पुष्कळ पेट्यांवर परवलीचा शब्द ठाऊक असणाऱ्यास ती उघडून वाचतां येते. ह्या वहीचा इतिहास नवलाचा आहे. कारण आरंभीं ती नव्हती, आणि नसावी हाच मूळ रचनेचा रोख होता.

त्यापूर्वीची तऱ्हा वेगळी होती. मुंबईंत टेलिफोनचें केंद्र इ. स. १८८२ सालीं निघालें. अशा केंद्रांत फळ्यासमोर बसलेला माणूस दोरीचीं दोन टोकें दोन भोकांत खोची, तेव्हां दोन ग्राहक जोडले जात. कोण कोणाशीं बोलत आहे हें फळ्याकडे नुसती नजर टाकतांच कळे. कळ दाबली तर काय बोलत आहेत हेंही ऐकूं येई!

२९ ऑक्टोबर १९६९ रोजीं कॅलिफोर्नियांतील दोन संस्थांमधील संगणकांनीं एकमेकांस पहिला निरोप धाडला, तेव्हां ही दोरी मोडींत निघण्यास प्रारंभ झाला. नव्या पद्धतींत निरोपाचे तुकडे करून प्रत्येकाचें पाकीट करीत आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता घालीत. सर्फ आणि कान ह्या दोघांनीं १९७४ सालीं जी योजना मांडली, ती पुढें सुधारून १ जानेवारी १९८३ पासून त्या अमेरिकन जाळ्यावर लागू झाली. तींतलें मर्म असें कीं, वाटेवरच्या यंत्रानें पाकीट घ्यावें, पत्ता वाचावा, पुढें ढकलावें आणि विसरून जावें. संभाषणाची आठवण फक्त दोन टोकांस. मधलें यंत्र बंद पडलें तरी पाकिटें दुसऱ्या वाटेनें जातात, संभाषण तुटत नाहीं. विसरणें हा येथें दोष नसून गुण होता.

मग वही आली कोठून? ती आली टंचाईंतून. पत्त्यासाठीं बत्तीस द्विमान अंकांची जागा ठरविली होती. तींत ४,२९,४९,६७,२९६ हून अधिक पत्ते बसत नाहींत. जगाची लोकसंख्याच त्याहून अधिक! भारतांत ही सेवा सर्वसाधारण जनतेस १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें खुली केली. त्याच्या आदल्याच वर्षीं एगेवांग आणि फ्रान्सिस ह्यांनीं पत्ते पुरविण्याची एक युक्ति प्रसिद्ध केली होती. जुन्या पुण्यांतल्या वाड्याप्रमाणें तिची रीत आहे. पत्ता वाड्याचा एकच, बिऱ्हाडें अनेक. बाहेर जाणाऱ्या पाकिटावर पेटी वाड्याचा पत्ता घालते आणि एक क्रमांक देते. त्यास पोर्ट म्हणतात. उत्तर त्या क्रमांकावर आलें कीं वही पाहून तें योग्य बिऱ्हाडीं पोंचवावयाचें. वही नसेल तर परतलेलें पाकीट दारांतच पडून राहील. कर्त्यांनीं स्वतः ह्या युक्तीस अल्पकाळाचा उपाय म्हटलें होतें. त्यास आतां तीस वर्षें होऊन गेलीं! मध्यवर्ती कोठारांतले पत्ते फेब्रुवारी १९११ नव्हे, तर २०११ मध्यें सरले. म्हणजे एका पिढींतच हें भांडार रितें झालें.

वहीच्या एका ओळींत आंतल्या यंत्राचा पत्ता व पोर्ट, बाहेरच्याचा पत्ता व पोर्ट, आणि बोलण्याची पद्धत इतकेंच लिहिलेलें असतें. कांहीं पेट्या किती पाकिटें गेलीं हेंही दाखवितात. ओळ केव्हां खोडावी ह्याचे संकेत आहेत. २००८ सालच्या संकेतानुसार, जोडलेलें संभाषण गप्प बसलें तरी त्याची ओळ निदान दोन तास चार मिनिटें राखावी. त्यामुळें वहींत दिसणारी प्रत्येक ओळ म्हणजे त्या क्षणींचें बोलणें असें समजणें चूक आहे.

ही वही वाचण्याचा उपयोग मोठा. २०१६ सालीं मिराई नांवाच्या दुष्ट आज्ञावलीनें जगभर घरोघरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यांत घेऊन त्यांजकडून इतरांवर पाकिटांचा मारा करविला. घरधन्यास त्याची वार्ताही नसे. मध्यरात्रीं एखादा कॅमेरा शेंकडों अनोळखी पत्त्यांशीं बोलतांना दिसला, तर ती लबाडी वहींत पकडतां येते.

पण तीच वही मुलीवर पाळत ठेवण्यासही चालते. निजामी अमलांत मराठवाड्याच्या सीमेवर करोडगिरीचे नाके असत. तेथील कारकुनास गाडींतला माल पाहण्याचा अधिकार होता. राउटरच्या वहींत माल नसतो, आणि हल्लीं बहुतेक पाकिटांचा मजकूर सांकेतिक लिपींत बंद असतो. कोणाशीं आणि केव्हां, एवढेंच उरतें. संशयी मनास मात्र एवढेंही पुरे होतें. एकाच पत्त्यावर शेंकडों संकेतस्थळें नांदतात, हें ठाऊक नसतां नुसत्या पत्त्यावरून घरांत चौकशी मांडणें हा शुद्ध अन्याय होय.

शिवाय ही एकच वही नाहीं. एप्रिल २०१२ मध्यें सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांसाठीं पत्त्यांचा एक निराळा गट राखून ठेवण्यांत आला. कंपनीनें ती रीत अवलंबिली असेल, तर बोरींतलें अखंड घरच एका मोठ्या वाड्यांतलें बिऱ्हाड होतें. त्या वाड्याची वही कंपनीपाशीं, आणि ती घरच्यांस उघडतां येत नाहीं. ६ जून २०१२ पासून जगभर पसरलेल्या नव्या पत्तापद्धतींत पत्ते विपुल आहेत, वाटून घेण्याचें कारण नाहीं. तरी पहाऱ्याच्या निमित्तानें पेटींतली वही तशीच चालू आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खाजगी जीवनाचा हक्क मूलभूत ठरविला. २८ एप्रिल २०२२ च्या केंद्रीय आदेशानें सेवा देणाऱ्या संस्थांनीं आपल्या यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या असें ठरलें. बोरीच्या भिंतीवरील पेटीची वही मात्र वीज गेली कीं कोरी होते.