कोरा रकाना

तलाठ्याच्या दफ्तरात एक शिस्त फार पूर्वीपासून आहे. रकाना कोरा सोडायचा नाही. भरायला काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं, आडवी रेघ मारायची, पण जागा मोकळी ठेवायची नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्या धंद्याला हीच शिस्त अंगी बाणवायला वीसेक वर्षं लागली.

मी चुडाव्याचा. पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडकडे निघाली की लागतं ते चुडावा. पोटापाण्यासाठी पुण्यात असतो. शेकडो सर्व्हरांच्या कॉन्फिगरेशन फाइली हातानं लिहिणं कुणालाच शक्य नाही, म्हणून फाइलचं एक टेम्प्लेट करतो आणि नाव-मूल्य अशा जोड्या त्यात भरून प्रत्येक यंत्राची वेगळी फाइल काढतो. हे काम कळायला मला सगळ्यात जास्त मदत कशाची झाली असेल, तर घरातल्या ट्रंकेत जपून ठेवलेल्या खासरा पत्रकाच्या नकलेची.

आमच्याकडे मुंबई इलाख्यासारखा तलाठी नव्हता, पटवारी होता. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चाले, गावचं दफ्तर बरेचदा मोडीत, आणि सन फसली. त्यात 590 मिळवले की इसवी सन हाती येतो. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि त्याच सुमाराला, 1358 फसलीत, जमिनीच्या हक्कनोंदीचा कायदा झाला. त्यानुसार 1954-55 साली गावोगाव जे पत्रक तयार झालं ते खासरा पत्रक. मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की वकील आजही आधी त्याचीच नक्कल मागतात.

त्या कागदात मला भावतं ते हे, की छापील भाग सगळ्या गावांना एकच. सर्वे नंबर, क्षेत्र, आकार, पट्टेदार, कब्जेदार अशी रकान्यांची नावं कुणी बदलायची नाहीत, पटवाऱ्यानं फक्त मूल्यं भरायची. पट्टेदार आणि कब्जेदार हे रकाने वेगळे ठेवण्यामागे कारण होतं. 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्यानं कसणाऱ्याला हक्क दिले होते, त्यामुळे जमीन कुणाच्या नावावर आहे आणि ती कसतो कोण, हे दोन्ही कागदावर यायलाच हवं होतं. दुसरा रकाना कोरा राहिला तर एखाद्या कुळाचा अख्खा जन्म कोर्टात जाऊ शकत होता. आमच्या सज्जावर काम केलेले एक निवृत्त तलाठी मला म्हणाले होते, “बाबा, चूक लिहिली तर खोडून दुरुस्ती करता येते. कोऱ्या जागेत मात्र उद्या कुणीबी येऊन लिहितंय.”

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि मुंबईकडची पद्धत आमच्याकडे आली. गावाचे सगळे नमुने अँडरसन या आयसीएस अधिकाऱ्यानं एका मॅन्युअलमध्ये बांधून दिले होते. तलाठी त्याला अजून अँडरसन मॅन्युअलच म्हणतात. त्यातला सातवा नमुना अधिकार अभिलेखाचा आणि बारावा पिकांचा, दोन्ही मिळून सातबारा. पुढे एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले, तेव्हा 8 एकर 20 गुंठ्यांचे 3 हेक्टर 44 आर झाले. एकक रकान्याच्या डोक्यावर छापलेलं, आत नुसता आकडा. एवढ्याशा गोष्टीला किती किंमत आहे ते आमच्या कामात रोज दिसतं. टेम्प्लेटमध्ये आकड्यापुढे ‘एमबी’ आधीच लिहिलेलं असतं, आणि मूल्य देणारा ‘512एमबी’ असं देतो. फाइलमध्ये ‘512एमबीएमबी’ उमटतं आणि सर्व्हिस उठत नाही.

सर्व्हरच्या बाजूचा इतिहास छोटा आहे. 1993 साली ऑस्लोत मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन हे कॉन्फिगरेशनचं टूल लिहिलं. त्या काळी आधीच असलेल्या फाइलमध्ये घुसून हवी ती ओळ बदलण्यावर भर होता. 2005 साली ल्यूक केनीस यांचं पपेट हे टूल आलं आणि त्याबरोबर रुबी भाषेचं ईआरबी टेम्प्लेट आमच्या हातात पडलं. सोय मोठी होती, पण ईआरबी आपल्याला काय हवंय ते सांगत नसे. आजूबाजूला जे व्हेरिएबल दिसेल ते उचलायचं. नावात एक अक्षर चुकलं तर रुबीच्या लेखी ते मूल्य नाहीच, आणि जे नाही त्याच्या जागी कोरी जागा. फाइल तयार होई, टूल कुरकुर करत नसे, आणि डेटाबेसचा पत्ता असायला हवा तिथे बरोबरच्या चिन्हापुढे काहीच नसे. अशी कोरी ओळ शोधण्यात माणसांच्या रात्री गेल्या आहेत.

मूल्यं कोडमधून बाहेर काढून वेगळ्या वहीत ठेवायची सोय हिएरा या टूलनं केली. 2012 साली ते पपेटमध्येच आलं. तिथे एका खास यंत्राची नोंद आधी बघतात, ती नसेल तर त्याच्या गटाची, आणि तीही नसेल तर सगळ्यांना लागू असलेली. उत्तम व्यवस्था. पण टेम्प्लेटच्या तोंडाशी पहारा बसला तो ईपीपी या पपेटच्या नव्या टेम्प्लेटमुळे. 2015 साली पपेट 4 बरोबर ते रुळलं. ईपीपीत टेम्प्लेटच्या माथ्यावरच लिहायचं, मला ही ही मूल्यं लागतील, हा आकडा हवा, हा मजकूर हवा. बोलावणारा जोड्यांचा संच हातात देतो. एखादी सक्तीची जोडी कमी पडली तर काम तिथेच थांबतं, न मागितलेली दिली तरी थांबतं. खरोखरच मूल्य नसेल तर ‘नाही’ असं उघड लिहून द्यावं लागतं. तेच ते निरंक. ॲन्सिबल हे दुसरं टूलही आता मूल्य सापडलं नाही तर पुढे जात नाही.

यात वेळ जातो, चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, अशी तक्रार नवी मुलं करतात. मला ती पटत नाही. ज्याच्यावर दुसऱ्याचं काम उभं आहे त्या कागदानं आपल्याला काय लागतं ते आधी सांगितलंच पाहिजे.

सातबाऱ्याचं कामही संपलेलं नाही. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. त्यानंतर सुधारलेल्या नमुन्यात गावाच्या नावाशेजारी केंद्राच्या यादीतला गावाचा कोड छापला जातो. चुडावा हे नाव इंग्रजीत कुणी कसं लिहितो, कुणी कसं. कोड एकच राहतो, आणि दोन खात्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलायला तेवढा पुरतो. जुन्या खासऱ्यांच्या स्कॅन केलेल्या पानांवर मात्र हा कोड नाही. ती पानं आजच्या गट क्रमांकांशी जोडायची तर उर्दू आणि मोडी वाचणारा माणूसच शेजारी बसवावा लागतो, आणि असे वाचणारे आमच्या भागात झपाट्यानं कमी होत चालले आहेत.