उभी उडी (व्हॉलीबॉल)

व्हॉलीबॉलपटू जमिनीवरून सरळ वर किती उसळतो, याचे माप म्हणजे उभी उडी. क्रीडाशिक्षक तिला व्हर्टिकल जंप किंवा सार्जंट जंप म्हणतात. अमेरिकन शारीरिक शिक्षणतज्ज्ञ डडली सार्जंट यांनी १९२१ मध्ये ही चाचणी मांडली. भिंतीशेजारी उभे राहून हात उंचावायचा आणि बोटांना लावलेल्या खडूची खूण करायची. मग जागेवरूनच उडी मारून दुसरी खूण करायची. दोन खुणांमधले अंतर म्हणजे उडी. हवेत राहिलेल्या वेळावरूनही ती काढता येते : ०.७ सेकंद हवेत असलेला खेळाडू सुमारे ६० सेंमी. उसळलेला असतो.

इनडोअर आणि बीच या दोन्ही प्रकारांत जाळीची उंची सारखीच आहे : पुरुषांसाठी २.४३ मी. व महिलांसाठी २.२४ मी. ज्याचा उंचावलेला हात २.३५ मी.पर्यंत पोहोचतो, त्याने ६० सेंमी. उडी मारली की बोटे जाळीच्या ५२ सेंमी. वर जातात. स्मॅश आणि ब्लॉक यांचा सारा हिशेब या अर्ध्या मीटरचा आहे. स्मॅशची उडी धावत येऊन घेतलेली असल्याने जागेवरच्या उडीपेक्षा उंच जाते; म्हणून दोन्हींची नोंद वेगळी ठेवावी. भारतात अशा उडीसाठी केरळचे जिमी जॉर्ज (१९५५–८७) आजही आठवले जातात. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात ते होते.

वाळूवर तोच खेळाडू कमी उसळतो. पाय रुततो, लावलेल्या जोराचा काही भाग वाळू सरकवण्यात खर्च होतो, आणि स्नायू ताणला जाऊन लगेच आकसण्याने जो उसळा मिळतो तोही मंदावतो. वाळूवर मुरलेले खेळाडू धाव आखूड ठेवतात, पाऊल सपाट टेकवतात आणि पुढे न झेपावता सरळ वर जातात. बीच व्हॉलीबॉलमध्ये संघात दोघेच असतात आणि बदली खेळाडू नसतो. त्यामुळे एका उंच उडीपेक्षा दमल्यावरही टिकणारी उडी तिथे मोलाची ठरते. लाकडी तळावर सतत आदळून होणारा गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधाचा त्रास वाळूवर कमी आढळतो.

वाळूवरचा असा सराव सगळीकडे सहज होत नाही; उदाहरणार्थ, बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. तिथला मुलगा बहुधा मुरमाच्या किंवा मातीच्या मैदानावर खेळतो. पूर्णा खोऱ्यातल्या शेगाव, नांदुरा, मलकापूर भागातली काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे मुरूम पसरून दाबल्याशिवाय उडी मारणे सुरक्षित नाही. ग्रामीण महाराष्ट्रात खेळल्या जाणाऱ्या शूटिंग व्हॉलीबॉलमध्ये चेंडू मुठींनी थेट परतवतात, तिथे उडीला फारसे महत्त्व नाही. त्यातून आलेल्या मुलाला स्मॅशची पावले पहिल्यापासून शिकवावी लागतात.

बीच व्हॉलीबॉलचे मैदान १६ × ८ मी. असते. भोवती ३ मी. मोकळी जागा आणि ४० सेंमी. खोल वाळू धरली, तर सुमारे १२३ घनमीटर, म्हणजे ४३ ते ४४ ब्रास वाळू लागते. एवढा खर्च शाळेला झेपणारा नाही. मात्र लांब उडीचा खड्डा बहुतेक क्रीडासंकुलांत असतो, आणि वाळूवरच्या उडीचा सराव व मोजमाप यांसाठी तो पुरतो.

मुरूम, लाकूड आणि वाळू यांवरचे आकडे एकाच यादीत लावून खेळाडूंची निवड करणे चुकीचे आहे. क्रीडाशिक्षकांनी प्रत्येक उडीपुढे मैदानाचा प्रकार आणि बूट घातले होते की नाही, हे अवश्य लिहावे.